देवाच्या आधीचा घास

लातूरच्या अन्न खात्याचे साहेब उदगीरच्या स्टँडवर उतरले, की आमच्या गल्ल्यावरच्या फोनला एक मिस्ड कॉल यायचा. तो उचलायचा नाही, उलटा लावायचा नाही, फक्त समजून घ्यायचा. स्टँडसमोरच्या भजेवाल्यानं अण्णांना द्यायचा, अण्णांनी पुढच्या दोघांना, आणि बघता बघता मोंढ्यापर्यंतच्या सगळ्या हॉटेलांतली माणसं डोक्यावर पांढऱ्या टोप्या चढवून साळसूदपणे उभी राहायची. आमच्या खानावळीत त्या टोप्या लायसनच्या फ्रेममागं खोचलेल्या असत. अण्णा, म्हणजे माझे वडील, एरवी मोंढ्यातल्या अडत्यांशीही ताठ मानेनं बोलणारे. पण साहेबांचं नाव निघालं की त्यांची धांदल उडायची. भिंतीवरची पाल झाडूनं हाकलायची, पाण्याच्या टाकीत डोकावायचं, मग मला ओरडून वेणी बांधायला सांगायचं. आई चुलीपुढून हसायची. "कर न्हाई त्याला डर कशाला?" अण्णा म्हणायचे, "डर साहेबाचं न्हाई, कागदाचं हाय. भिंतीवरचा कागद उतरला की शटर उतरलं म्हून समज."

खानावळ म्हणजे पुढं चार बाकडी, मध्ये स्वयंपाकघर आणि मागं आमचं घर. मध्ये दार नव्हतं, पडदा होता, आणि तोही बहुतेक वेळा हात पुसायच्या कामी यायचा. मी अकरावीत होते. पहाटे जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं, आणि थोड्याच वेळात मोंढ्यातले ट्रक आणि हमालांचा गलका त्यात मिसळायचा. धान्याची धूळ तर आमच्या घरात पाहुणी नव्हतीच, ती घरचीच होती. जेवणात कडक ज्वारीची भाकरी, येसराचा मसाला घातलेली आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि एखादी पातळ भाजी. याच्या पुढं आमची मजल कधी गेली नाही आणि कुणी मागितलंही नाही. हमाल, अडतीवरचे मुनीम, चाळणीवर धान्य निवडणाऱ्या बाया, सगळे आईला अक्का म्हणायचे. उदगीरकडं कानडीची झुळूक असल्यामुळं तिथं कुणीही मोठी बाई अक्काच होते, पण आईच्या बाबतीत त्यात थोडा हक्कही असायचा. आमटी उतरवायच्या आधी ती पळीतला एक थेंब डाव्या तळहातावर टाकायची आणि चाटून बघायची. मीठ कमी असेल तर कपाळाला आठी, बरोबर असेल तर काहीच नाही. तो थेंब चाखल्याशिवाय पातेलं पुढं गेलेलं मी पाहिलं नाही. वर्षातले दोन-चार दिवस मात्र याला अपवाद होते, आणि ते म्हणजे मोठ्या उपासाचे. त्या दिवशी पहिलं ताट देवाचं, आणि देवाला दाखवायच्या आधी अन्न चाखणं म्हणजे उष्टं करणं. महाशिवरात्रीला तर आई दिवेलागणीपर्यंत पाणीसुद्धा प्यायची नाही.

त्या वर्षी माघात साहेब एकदा येऊन गेले होते. माणूस वाईट नव्हता. चहा घ्यायचे नाहीत, खुर्चीवर बसायचे नाहीत, नाकावर चष्मा ठेवून डब्यांची झाकणं उघडायचे. आमचं स्वयंपाकघर स्वच्छच असायचं, त्यामुळं त्यांना दोष काढायला जड जायचं. पण दोष न काढता गेले तर साहेब कसले? आईनं ज्वारीचं पीठ नेहमीप्रमाणं सुती धोतरावर पसरून निवत ठेवलं होतं. ते बघून म्हणाले, "हे असं उघडं नको. झुरळं फिरतात, धूळ बसते. पीठ बंद ठेवत चला." एवढंच. लिहून काही दिलं नाही. पण अण्णांनी ते जसं काही दगडावर कोरून घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोंढ्यातून जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या.

उपासाचं दळण आमच्याकडं वेगळंच असतं. गिरणीवाला चक्की धुऊन पुसून शिवरात्रीच्या आठ दिवस आधी एक वार ठरवतो आणि त्या दिवशी फक्त भगर, राजगिरा, साबुदाणा असंच दळतो. त्यात धान्य शिरलं तर अख्ख्या गल्लीचा उपास मोडायचा. आईनं नवरात्रातली उरलेली आणि नवी मिळून बरीच भगर दळून आणली. पीठ इतकं गरम होतं की डबा डोक्यावरून उतरवताना माझी टाळू भाजली होती, ते मला अजून आठवतं. आईनं धोतर पसरायला घेतलं आणि अण्णांनी ते तिच्या हातातून काढलं.

"साहेब काय म्हणाले? बंद ठेवा म्हणाले ना?"

"आवो, निवू तर द्या. गरम पिठाला घाम सुटतो."

"घाम मला सुटतो तो आल्यावर. बांध पिशवीत."

आईनं बांधलं. वाद घालत बसायला तिला वेळ नव्हता. पिशव्या चुलीवरच्या माळ्यावर चढल्या आणि खालून रोजची वाफ खात तिथंच आठ दिवस राहिल्या. शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी तिनं एक पिशवी सोडली आणि रिवाजाप्रमाणं चाळणीवाल्या बायांच्या पदरात ओंजळ-ओंजळ पीठ घातलं. त्यांना गिरणीच्या वाराला हजेरी लावायची सवड नसते, म्हणून आईनंच पाडलेला हा पायंडा. शिवरात्रीला दिवसभर कामावर राहून त्या संध्याकाळी घरी जाऊन भाकरी करणार आणि मग उपास सोडणार. माळ्याखाली अंधार होता. पिठाला थोडा वास येतोय असं मला वाटलं होतं, पण उपासाच्या पिठाला थोडा वास असतोच, असंही वाटलं.

शिवरात्रीला खानावळीत फक्त उपासाचं असायचं: भगरीच्या पिठाची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. अकराच्या सुमारास आईनं पहिलं ताट देवघरात नेलं, बेलाचं पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि दुसरं ताट लावलं ते शिवप्पांचं. शिवप्पा हमालांचे म्हातारे मुकादम, माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडं जेवणारे. त्यांनी पहिला घास घेतला आणि किंचित थांबले. मी वाढत होते, मला ते थांबणं दिसलं. मग त्यांनी आमटी जरा जास्त मागून घेतली आणि भाकरी तिच्यात कुस्करून संपवली. त्यांच्यामागून दोन पंगती झाल्या. कुणी एक शब्द बोललं नाही.

दुपारी हमाल धावत आले, की शिवप्पा पोत्यांच्या थप्पीवरून उतरता उतरता बसले ते उठत नाहीत. त्यांचे हात थरथरत होते, थंडी वाजल्यासारखे, पण ऊन तर चांगलं तापलेलं. मग दुसरा आला, भोवळ येते म्हणत. तिसरा आमच्या पायरीवरच ओकला. अण्णांनी दोन ऑटो करून सगळ्यांना सरकारी दवाखान्यात पोचवलं आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. नेमका त्याच वेळी गल्ल्यावरचा फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

सणाचे दिवस म्हणून साहेब तपासणीला उदगीरातच होते, आणि दवाखान्यातून निरोप मिळताच स्टँडसमोरून आमच्याकडं निघाले होते. स्टँड ते आमचं दुकान, एवढाच वेळ अण्णांच्या हाती होता, आणि त्या वेळात माझ्या सरळमार्गी बापानं जे केलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. उरलेल्या भाकऱ्या, आमटी, पिशव्यांतलं पीठ, सगळं त्यांनी मागच्या नाल्यात ओतलं आणि वर बादलीनं पाणी मारलं. परात घासली. माळा पुसला. मला म्हणाले, "इच्यारलं तर सांगायचं, सगळं संपलं. पीठबी संपलं." आई मोरीपाशी उभी राहून बघत होती. सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नव्हता, ओठ सुकले होते. ती म्हणाली, "आवो, त्या बायायचं काय?" अण्णांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

साहेब आले. बरोबर दवाखान्यातला एक माणूस होता. टोप्या घालायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नव्हतं. साहेबांनी ओली परात बघितली, पुसलेला माळा बघितला, नाल्याकडं गेलेली पाण्याची ओली वाट बघितली. "नमुना लागेल," ते म्हणाले. "डॉक्टरांनी विचारलंय, काय खाल्लं म्हणून. भाकरी, पीठ, काहीही द्या."

"संपलं साहेब," अण्णा म्हणाले. "सणाचा दिवस हाय, उरतंय कुटं."

"पीठ कुणाला दिलं का? बाहेर कुठं गेलंय का? आत्ता सांगितलंत तर लोकांना अडवता येईल."

"न्हाई साहेब."

मी अण्णांकडं बघितलं. त्यांची नजर लायसनच्या फ्रेमवर होती. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्यांची दयाही येत होती. ती फ्रेम म्हणजे आमचं घर, माझं कॉलेज, शिवप्पांचं रोजचं ताट, सगळंच होतं. बाहेर उन्हं कलायला लागली होती. चाळणीचं काम सुटायची वेळ होत आली होती.

आई पडद्यामागं गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात देवापुढचं ताट होतं. बेलाच्या पानासकट, वाटीतल्या आमटीसकट, मोडलेलीही नाही अशी भाकरी. अण्णा पुढं झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नैवेद्याचं ताट हाय ते. गाईला घालायचं असतंय. काय करायलीस तू?" ती त्यांना वळसा घालून साहेबांपुढं उभी राहिली.

साहेबसुद्धा घोटाळले. सरकारी माणूस झाला तरी शिवरात्र त्यांनाही होती. "बाई, हा नैवेद्य आहे," ते म्हणाले.

"देवानं बघितलंय. आता तुमी बघा," आई म्हणाली. मग खाली न बघता पुढचं सांगितलं. "आन पीठ संपलेलं न्हाई. काल संध्याकाळी मी चाळणीच्या बायायला वाटलंय. त्या घरी जाऊन भाकरी करतील. कुणाला दिलं ते मला पाठ हाय, पर घरं लांब लांब हायेत."

अण्णा बाकड्यावर बसले. साहेबांनी ताट बरोबरच्या माणसाच्या हातात दिलं, भाकरी पिशवीत घेऊन मोहोर लावली आणि विचारलं, "हे पीठ ठेवलं कसं होतं?" आई म्हणाली, "तुमी बंद ठेवा म्हणालते. मालकानं गरम गरमच प्लॅस्टिकात बांधलं." साहेबांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्या मनात आलं, बोला की आता काहीतरी. पण ते बोलले असते तरी त्याचा कुणाला काय उपयोग होता, हे आज कळतं.

रस्त्यावरून यात्रेची जाहिरात करणारा भोंग्याचा ऑटो चालला होता. साहेबांनी तो थांबवला. ड्रायव्हर माईक घेऊन तयार झाला, तेव्हा आई म्हणाली, "तुझं कोन ऐकणार? जाहिरात वाटंल. आन इकडं." मी तिच्याबरोबर मागं बसले. आयुष्यात कधी चारचौघांत मोठ्यानं न बोललेली माझी आई, तिनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि मोंढ्याच्या तोंडाशी बोलायला लागली.

"बायांनो, मी खानावळीतली अक्का बोलायलेय. माझ्या हातचं भगरीचं पीठ कुणी खाऊ न्हका. त्यानं मानसं आजारी पडलीत. माझं पीठ खराब हाय. फेकून द्या."

दुकानांतून माणसं बाहेर आली. कुणी हसलं, कुणी नुसतं बघत राहिलं. दर वळणावर ती तेच बोलत होती, एकही शब्द न बदलता, आणि प्रत्येक वेळी 'माझं पीठ खराब हाय' इथं तिचा आवाज घोगरा व्हायचा. ज्या हातांच्या चवीवर आम्ही जगत होतो त्या हातांची बदनामी ती स्वतः गावभर करत फिरत होती. मला लाज वाटत होती. खरं सांगते, त्या वेळी अभिमान वगैरे काही वाटला नाही, नुसती लाज वाटली आणि भीती वाटली. मी पाणी पुढं केलं तर तिनं मान हलवली. तिचा उपास अजून सुटला नव्हता.

मोंढ्यात निम्म्या बाया सापडल्या. बाकीच्यांच्या वस्त्या गावाबाहेर. एकेका दारात ऑटो थांबायचा, आई उतरायची, पीठ बघायची, मातीत ओतायची. शेवटचं घर राहिलं ते रेल्वे फाटकापलीकडच्या गयाबाईचं. आम्ही पोचलो तेव्हा चुलीतून धूर निघत होता. गयाबाई तव्यापुढं बसलेली, आणि तिचा चार वर्षांचा नातू भिंतीला टेकून भाकरी खात होता.

आईनं त्याच्या हातातून तुकडा ओढला. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. गयाबाई चकित होऊन म्हणाली, "काय झालं अक्का? लेकराला भूक लागली म्हून आदी दिली. कडू लागती म्हणलं ते, तर साखर लावून दिली."

"तू चाखली का न्हाई?"

"मी कशी चाखू? माझा उपास सुटायचाय. आन उपासाच्या अन्नाला कोन नाव ठेवतंय, माय."

आईनं पोराला उचलून छातीशी धरलं. ऑटो दवाखान्याकडं वळला तेव्हा तिनं भोंगा बंद करायला लावला. रस्ताभर ती त्याचे हात आपल्या तळहातावर घेऊन बघत होती. फाटक बंद होतं, मालगाडी चालली होती, तिचे डबे संपता संपेनात. मी त्या गाडीला मनातल्या मनात जितक्या शिव्या दिल्या तितक्या आजवर कुणाला दिल्या नाहीत. डबे निम्मे गेले असतील तेव्हा पोराची बोटं थरथरायला लागली. आईनं ती मुठीत घट्ट दाबून धरली, जसं काही दाबून धरल्यानं थांबणारच होती.

पोरगं वाचलं. रात्रभर ओकलं, सकाळी त्यानं बिस्किट मागितलं. शिवप्पाही बरे झाले. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या ते आईला म्हणाले, "पहिल्याच घासाला कळलं होतं अक्का. लई कडू. पर तुमच्या हातचं, त्यात शिवरात्रीचं. कसं बोलावं?" आई तोंडाला पदर लावून उभी राहिली आणि मोठ्यानं रडली. तिला असं रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. बोलला असतात तर, एवढंच तिला म्हणायचं होतं बहुधा. पण ते तिनं शिवप्पांना म्हटलं नाही. तिनं स्वतः चाखलं असतं तर, हे तिला जास्त बोचत होतं.

आमच्या शटरला मोहोर लागली. ताटातल्या भाकरीचा निकाल आला, पिठात बुरशी होती. अण्णांवर खटला झाला, दंड झाला, लायसन कित्येक महिन्यांनी परत मिळालं. त्या महिन्यांत आम्ही कसे जगलो ते सांगत बसत नाही, जगलो. अण्णा आणि आई त्या ताटाबद्दल कधीच बोलले नाहीत. फक्त खानावळ उघडली त्या दिवशी पीठ गिरणीतून आलं, तेव्हा अण्णांनी स्वतः धोतर पसरलं, चारी कोपरे ओढून नीट केले आणि बाजूला झाले. साहेब पुढच्या तपासणीला आले, पसरलेलं पीठ बघितलं आणि विचारलं, "निवलं की झाकता ना?" आई म्हणाली, "हाव." ते पुढच्या डब्याकडं वळले.

मग पुढची शिवरात्र आली. आम्हाला वाटलं होतं आई भगर घरात येऊच देणार नाही. तिनं नवी भगर आणली, आदल्याच दिवशी घरी जात्यावर दळून घेतली, भाकऱ्या केल्या. देवाचं ताट वाढलं, बेलाचं पान काढलं, आणि मग ताटाच्या शेजारी बसून तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. जन्मभर निर्जळी शिवरात्र करणारी बाई, देवापुढं बसून, देवाच्या आधी जेवत होती. अण्णा दारात आले आणि तिथंच थबकले.

"देवाच्या आदी?" एवढंच म्हणाले.

"त्याला काय होतंय?" आई घास गिळून म्हणाली. "बाधतंय ते मानसाला."

मग ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. हात पुढं धरून बोटांकडं बघत बसली. पुढं बाकड्यांवर माणसं खोळंबली होती, शिवप्पा त्यात पहिले. कुणी घाई केली नाही. ऊन पायरीवरून खाली उतरलं तेव्हा ती उठली, ताटाला पाणी फिरवलं आणि मला म्हणाली, "वाढ."

आता मी नांदेडला कॉलेजच्या पोरींसाठी मेस चालवते. मिस्ड कॉलचे दिवस गेले, साहेब आल्याचं आता ग्रुपवर कळतं आणि टोप्या अजून तशाच खोचलेल्या असतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. शिवरात्रीला पोरी विचारतात, मावशी, तुम्ही उपास का नाही करत? मी म्हणते, करते की, पण जेवल्यावर. त्या हसतात. मी देवाचं ताट वाढते, शेजारी बसून पहिला घास खाते आणि मागच्या पायरीवर जाऊन हात पुढं धरते. गेल्या वर्षापासून माझी बोटं एरवीही जराशी थरथरायला लागली आहेत. त्यामुळं यंदा माझ्या मुलीला बसवलं. तिनं घास घेतला, हात पुढं धरले, आणि मी तिच्या बोटांकडं बघत राहिले. ऊन खाली उतरलं तेव्हा ती उठली आणि मी ताटाला पाणी फिरवलं.